दाढीच्या साबणाची वडी नव्या भांड्यात बसवताना

दाढीच्या साबणाची वडी आणि ती ठेवायचं भांडं यांचं माप जुळलं, तर तो योगायोगच समजायचा. वडी लहान असली की ब्रश फिरवताना तीही भांड्यात गरगर फिरते, कडांवर खडखड आपटते, आणि तिच्या खाली शिरलेलं पाणी दिवसभर तिथंच साचून तळ बुळबुळीत करून टाकतं. वडी मोठी असली तर ती आतच जात नाही, विषय संपला. अशा वेळी बहुतेकांना पहिल्यांदा सुचतं ते साबण वितळवून ओतायचं. माझं म्हणणं असं, की बहुतेक साबणांच्या बाबतीत हे शेवटी करायचं काम आहे, आणि दहापैकी नऊ वेळा ते करायची पाळी येतच नाही. दाढीचा साबण दाबून बसवायचा असतो.

कारण त्याच्या घडणीत आहे. दाढीचा साबण म्हणजे मुख्यतः स्टिअरिक आम्लाचे सोडियम आणि पोटॅशियम क्षार, थोडं पाणी, थोडं ग्लिसरीन आणि सुगंध. सोडियमच्या क्षारामुळे वडी कडक राहते. पोटॅशियमचा क्षार पाण्यात चटकन विरघळतो, म्हणून ब्रश फिरवला की लगेच दाट फेस येतो. स्टिअरिक आम्ल स्वतः ६९ अंश सेल्सियसला वितळतं, पण त्याचा साबण झाला की गणित बदलतं. कोरडं सोडियम स्टिअरेट २०० अंशांच्या पुढे गेल्याशिवाय पातळ होत नाही. घरी गरम केल्यावर जो ‘वितळलेला’ साबण दिसतो, तो खरं म्हणजे आतल्या पाण्यामुळे मऊ पडलेला चिकट लगदा असतो. त्याला ओतण्याइतका पातळ करायचा तर वरून पाणी घालावं लागतं. ते पाणी पुढच्या काही दिवसांत उडून जातं, साबण आक्रसतो, कडेपासून सुटतो आणि मधोमध चिरतो. म्हणजे खटाटोप करून पुन्हा गरगर फिरणारी वडीच हाती येते. शिवाय सुगंधाचा बराचसा भाग वाफेबरोबर जातो. लिंबूवर्गीय वास तर सगळ्यात आधी.

साबण कुठल्या जातीचा आहे ते ओळखा

अंगठ्याचं नख वडीवर दाबून बघा. एवढ्या परीक्षेत बरंचसं कळतं.

नखाची जेमतेम रेघ उमटली, तर ती रुळांमधून पुन्हापुन्हा दाबून काढलेली कडक वडी आहे. या प्रक्रियेत साबणातलं पाणी आणि हवा बरीच कमी झालेली असते, म्हणून वडी वजनदार, गुळगुळीत आणि टिकाऊ असते. ही किसूनच बसवावी लागते.

नख सहज रुतलं आणि खड्डा तसाच राहिला, तर तो मऊ साबण. साबण आणि क्रीम यांच्या मधला हा प्रकार. इटालियन ‘चेल्ला’ याच जातीचा: १५० ग्रॅमच्या डबीत मिळतो तसाच एक किलोच्या ठोकळ्यातही मिळतो, आणि ठोकळा घेणारे लोक तो कापून आपापल्या डब्यांत थापतात. या साबणासाठी किसणी काढायची गरजच नाही.

कांडी हा तिसरा प्रकार. गालावर थेट घासायची आणि मग ओल्या ब्रशनं फेस करायचा. तुर्की ‘आर्को’ची ७५ ग्रॅमची कांडी याचं नेहमीचं उदाहरण. ती कडक वडीपेक्षा मऊ आणि मऊ साबणापेक्षा कडक असते. वाडग्यात बसवायला शिकायचं असेल, तर सुरुवात कांडीपासून करावी. किसायला सोपी, दाबायला सोपी, आणि बिघडलं तरी फार हळहळ वाटत नाही.

चौथा प्रकार पारदर्शक किंवा अर्धपारदर्शक ग्लिसरीनच्या वडीचा. वर जे वितळवण्याविरुद्ध लिहिलं ते हिला लागू नाही. हिच्यात विद्रावकं आणि ग्लिसरीन भरपूर असल्यामुळे ही खरोखर वितळते, ओतता येते आणि गार झाल्यावर पुन्हा घट्ट होते. हिच्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

कधी काहीच करायची गरज नसते

वडी भांड्यापेक्षा थोडीशीच लहान असेल, म्हणजे चारही बाजूंना अर्ध्या सेंटिमीटरपर्यंत फट असेल, तर सगळी वडी किसणं हा निव्वळ उत्साह आहे. भांडं गरम पाण्यानं धुऊन घ्या, पुसू नका. वडीची खालची बाजू ओल्या बोटानं अर्धा मिनिट चोळा, ती चिकट झाली की वडी भांड्याच्या मधोमध ठेवून तळहातानं जोर देऊन दाबा. वर काहीतरी जड ठेवून रात्रभर तशीच राहू द्या. सकाळी भांडं उलटं केलं तरी ती पडत नाही.

फट बुजवायची असेल तर वडीच्याच वरच्या कडेचा थोडा भाग सुरीनं खरवडून घ्या आणि ओलसर करून फटीत ठासा. मला हा मार्ग फार आवडतो: वडीचा मूळ घट्टपणा शाबूत राहतो आणि कडेनं पाणी खाली उतरत नाही.

वडी किंचितच मोठी असेल तर तिची कड तासायची. त्याआधी ती तासभर कोमट जागी ठेवा. गार वडीला सुरी लावली की कपचे उडतात, कोमट वडीचे पापुद्रे निघतात. हे पापुद्रे टाकू नका, भांड्याच्या तळाशी पसरून त्यावर वडी दाबली तर तेच चिकटवण्याचं काम करतात.

भांडं निवडताना

साबण अल्कधर्मी असतो. ओला असताना त्याचा सामू ९ ते १० च्या आसपास असतो. म्हणून अ‍ॅल्युमिनियमचं भांडं बाद. अशा अल्कधर्मी ओलाव्यात अ‍ॅल्युमिनियम काळं पडतं आणि कुरतडलं जातं. तांबं आणि पितळ दिसायला देखणं, पण तांब्याच्या अंशामुळे साबणातली उरलीसुरली मेदाम्लं लवकर खवट होतात. वडीवर नारिंगी डाग दिसू लागतात आणि जुन्या तेलाचा वास येतो. आतून चांगली कल्हई किंवा लेप असेल तरच असं भांडं वापरावं. लोखंडाचीही तीच गत. स्टेनलेस स्टील, काच, चिनी माती आणि जाड प्लास्टिक हे चारही बिनघोर. फक्त प्लास्टिकच्या डबीत आधी दुसऱ्या वासाचा साबण असेल, तर तो वास महिनोन्‌महिने जात नाही हे लक्षात असू द्या.

लाकडी वाडग्याबद्दल लोक हळवे असतात. आतून नीट वॉर्निश केलेला असेल तर चालेल. पण त्यात साबण ओलसर करून थापायचा म्हणजे लाकडाला कित्येक दिवस ओलीत ठेवायचं. लाकूड फुगतं, सुकताना तडकतं, आणि साबण व लाकूड यांच्या मधल्या फटीत बुरशी धरते. लाकडी वाडग्यासाठी साबण आधी क्लिंग फिल्मचं (भांड्याला चिकटून बसणाऱ्या पातळ प्लास्टिकचं) अस्तर लावून त्यातच दाबा, बाहेर काढून पूर्ण सुकवा, आणि मग वाडग्यात बसवा.

आता माप. फक्त साबण ब्रशवर घ्यायचा आणि फेस हातावर, चेहऱ्यावर किंवा वेगळ्या वाडग्यात करायचा असेल, तर ब्रशचे केस पसरायला ७ सेंटिमीटर आतला व्यास पुरतो. त्याच भांड्यात फेसही करायचा असेल तर १० सेंटिमीटर तरी हवा, आणि साबणाच्या वर ४ सेंटिमीटर उभी कड उरायला हवी, नाहीतर फेस आरशावर. नुसता ब्रशवर घेण्यासाठी वर २ सेंटिमीटर मोकळे असले तरी भागतं.

साबण किती मावेल हे पाण्यानं मोजणं सगळ्यात सोपं. भांडं वजनकाट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा, जिथपर्यंत साबण हवा तिथपर्यंत पाणी भरा. जितकं ग्रॅम पाणी, साधारण तितकंच ग्रॅम साबण मावेल, कारण साबणाची घनता पाण्याच्या जवळपास, किंचित जास्त असते. भांडं गोल, सरळ कडांचं असेल तर कागदावरही जमतं: आतला व्यास ८ सेंटिमीटर असेल तर तळाचं क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस सेंटिमीटर, म्हणजे १०० ग्रॅमची वडी त्यात साधारण २ सेंटिमीटरचा थर देईल. तीच वडी १० सेंटिमीटर व्यासाच्या वाडग्यात जेमतेम सव्वा सेंटिमीटर भरेल. तसा पातळ थर वापरायला चांगला, पण तळ लवकर दिसू लागतो. एक गोष्ट ध्यानात ठेवा: सुटा कीस मूळ वडीच्या दुप्पट-अडीचपट जागा खातो. ढीग बघून घाबरायचं नाही, दाबल्यावर तो बसतो.

आणि झाकण. झाकण असलेलं भांडं घ्या, पण सुरुवातीचे काही दिवस ते झाकण कपाटात ठेवा.

किसणं

कामाला बसण्याआधी वडीचं आणि रिकाम्या भांड्याचं वजन वेगवेगळं करून कुठंतरी लिहून ठेवा. हा आकडा पुढे सुकवताना लागतो.

किसणी साबणासाठी वेगळीच ठेवा. धुऊन ती स्वच्छ होते, वास मात्र पूर्ण जाईलच असं नाही. मध्यम किंवा मोठ्या भोकांची बाजू वापरा. बारीक बाजूनं जी पूड पडते ती हवेत उडते, नाकात जाते, आणि मग शिंकांवर शिंका. वडी जुनी, खडखडीत वाळलेली असेल तर ती मोठ्या भोकांवरही भुसभुशीत होऊन पूडच देते. अशा वेळी नाकावर रुमाल बांधा, पंखा बंद करा. एक उपाय असा: जुनी वडी ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्यात गुंडाळून हवाबंद डब्यात एक-दोन दिवस ठेवायची. वरचा थर जरा दमट झाला की कीस लांब, वळलेला निघतो. ताज्या वडीचा कीस तर फारच सुंदर पडतो: पातळ, मेणचट कुरळे तुकडे, ताटात एकमेकांना बिलगून राहणारे. प्लास्टिकच्या ताटात किसलात तर ते ताटालाच बिलगतात, कारण कोरड्या हवेत प्लास्टिकवर स्थिर वीज साठते. स्टीलचं ताट घ्या.

शेवटचा बोटभर तुकडा किसायच्या भानगडीत पडू नका. बोटं किसणीवर घासली जातात आणि साबण लागलेली जखम बराच वेळ चुरचुरते. तो तुकडा सुरीनं बारीक कापा.

किसणी नसेल तर बटाटे सोलायच्या सोलाण्यानं पापुद्रे काढता येतात. वेळ लागतो, पण पूड अजिबात होत नाही. मिक्सरच्या वाटेला जाऊ नका. पात्याच्या उष्णतेनं कीस मऊ होऊन तळाशी चिकटतो, आणि नंतर ते भांडं धुताना निघणारा फेस आवरता आवरत नाही.

पाणी किती

सगळी गंमत इथं आहे. १०० ग्रॅम किसासाठी कडक वडी असेल तर ५ मिलिलिटर, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा, गरम पाणी. कांडी असेल तर त्याच्या निम्मं. मऊ साबणाला काही नाही, फक्त हात ओले. उकळतं पाणी नको, हाताला सोसेल इतकंच गरम. ऊर्ध्वपातित पाणी हाताशी असेल तर उत्तम. जड पाण्यातलं कॅल्शियम साबणाशी संयोग पावून न विरघळणारा चोथा करतं. पण एका चमच्यात ते इतकं थोडं असतं, की मुद्दाम आणायला जाऊ नका.

पाणी एकदम ओतायचं नाही. कीस पसरट वाडग्यात घ्या, बोटांनी पाणी शिंपडा, हलक्या हातानं वरखाली करा, पुन्हा शिंपडा. मग झाकून अर्धा तास बाजूला ठेवा. ही अर्ध्या तासाची विश्रांती लोक गाळतात आणि मग ‘कीस अजून कोरडाच आहे’ म्हणून आणखी पाणी घालतात. पाणी किसाच्या आत मुरायला वेळ लागतो. अर्ध्या तासानं तोच कीस आपोआप मऊ झालेला आढळतो.

मूठभर कीस घट्ट दाबून बघा. मुठीचा आकार धरून राहिला आणि बोटांच्या खुणांवर किंचित चकाकी आली, तर झालं. मूठ उघडताच भुगा पडला, तर आणखी अर्धा चमचा. तळहाताला चिकटून लोंबू लागला, तर पाणी जास्त झालं. पसरून तासभर उघडा ठेवा, काढून टाकायचं काही नाही. आता हा कीस पाच-सात मिनिटं मळा. कडक वडीचा कीस सुरुवातीला दाद देत नाही, पण हाताच्या उष्णतेनं हळूहळू मुलांच्या खेळातल्या चिकणमातीसारखा एकजीव होतो. तेवढा झाला की थांबा. फार मळलात तर त्यात हवा शिरते.

दाबून बसवणं

भांडं आतून पूर्ण कोरडं हवं. आधी मळलेल्या साबणातलाच चिमूटभर घेऊन तळावर बोटानं घासून पातळ थर द्या. वरचा साबण याला धरून राहतो. मग एक तृतीयांश साबण घालून मधून कडेकडे दाबत जा. कोपरा, म्हणजे तळ आणि कड जिथं मिळतात ती जागा, अंगठ्याच्या टोकानं फिरून फिरून दाबा. हवा बहुतेक वेळा तिथंच अडकते, आणि काचेचं भांडं असेल तर ती बाहेरून दिसते. दुसरा थर घालण्याआधी पहिल्याचा पृष्ठभाग काट्यानं ओरखडा, म्हणजे थर एकमेकांत मिसळतील. सपाट पृष्ठभागावर सपाट थर ठेवला तर सुकल्यावर तो ताटलीसारखा अख्खा सुटून येऊ शकतो.

सगळा साबण भरला की वर क्लिंग फिल्म पसरा आणि भांड्यात जेमतेम मावेल अशा सपाट बुडाच्या पेल्यानं दाबा. हातानं कितीही दाबलं तरी पेल्यानं येतो तो घट्टपणा येत नाही. अंगाचं वजन टाका, पेला थोडा फिरवा, पुन्हा दाबा. भांडं काचेचं किंवा चिनी मातीचं असेल तर खाली दुमडलेला टॉवेल ठेवा आणि ठोकाठोकी टाळा. शेवटी चमच्याच्या पाठीनं मधोमध अगदी उथळ खोलगट करा. ब्रश तिथं स्थिरावतो आणि साबण कडेपेक्षा मधून झिजायला लागतो, जे नाहीतरी होणारच असतं.

मऊ साबणासाठी हे सगळं पाच मिनिटांत उरकतं. ओल्या सुरीनं सेंटिमीटरभर जाडीचे काप करा, तळाशी एकमेकांना चिकटून लावा, ओल्या अंगठ्यानं सांधे मिटवा, वर दुसरा थर. गोळा करून एकदम कोंबू नका, खाली हवेचा मोठा कप्पा राहतो आणि महिनाभरानं ब्रश त्यात फसतो.

सुकवणं, म्हणजे धीर धरणं

क्लिंग फिल्म काढा आणि भांडं उघडंच, सावलीत, वारा खेळेल अशा जागी ठेवा. न्हाणीघर ही त्यासाठी सगळ्यात वाईट जागा. उन्हात किंवा हीटरजवळ ठेवलं तर वरचा थर आधी आक्रसतो, आतला ओला राहतो, आणि पृष्ठभागावर जाळीदार भेगा पडतात.

किती दिवस? लिहून ठेवलेलं वजन इथं कामाला येतं. वडी १०० ग्रॅम, भांडं २५० ग्रॅम, पाणी ५ ग्रॅम असेल तर सुरुवात ३५५ ला होते. काट्यावर ३५१-३५२ दिसू लागलं आणि दोन दिवस तिथंच राहिलं, की झाकण लावायला हरकत नाही. किसताना-मळताना ताटाला आणि हाताला लागून एखाद-दोन ग्रॅम कमी होतातच, तेवढे हिशेबात धरा. कोरड्या हवेत याला तीन-चार दिवस लागतात, दमट हवेत आठवडा किंवा जास्त. काटा नसेल तर नख: वर आणि कडेला सारखाच कडक लागला पाहिजे.

सुकताना कडेला केसाएवढी फट पडली तर काळजी करू नका. दोन-चार वेळा वापरल्यावर साबण ओला होऊन ती आपोआप भरते. नख जाईल एवढी फट पडली, तर पाणी जास्त झालं होतं. साबण अजून थोडा मऊ असतानाच पुन्हा पेल्यानं दाबा. पूर्ण वाळल्यावर दाबायला गेलात तर वडी दुभंगेल. त्या वेळी फट ओल्या किसानं भरणंच बरं, म्हणून थोडा कीस बाजूला राखून ठेवावा.

उष्णता वापरायचीच असेल तर

काही वड्या इतक्या जुन्या आणि दगडासारख्या असतात, की कीस मळून एकजीव होतच नाही. तेव्हा उष्णतेची मदत घ्यायची, पण ओतण्यासाठी नाही, मऊ करण्यासाठी. कीस आणि १०० ग्रॅमला दोन चमचे पाणी काचेच्या बरणीत घाला, झाकण सैल लावा, आणि ती बरणी गरम पाण्याच्या पातेल्यात उभी करा. पातेल्यातलं पाणी ६० ते ७० अंशांवर, म्हणजे वाफा येताहेत पण बुडबुडे नाहीत अशा बेताचं ठेवा. अर्ध्या-पाऊण तासात कीस अर्धपारदर्शक, चिकट लगदा होतो. मधूनमधून चमच्यानं दाबा, घुसळू नका. घुसळलं की फेस होतो आणि फेस गोठला की वडी भुसभुशीत. गरम लगदा भांड्यात घालून वर सांगितल्याप्रमाणेच दाबायचा. सुकायला मात्र दुप्पट वेळ धरा.

मायक्रोवेव्हनं काम झटपट होतं आणि झटपट बिघडतंही. आतल्या पाण्याची वाफ होऊन साबण पावासारखा फुगतो आणि भांड्याबाहेर येतो, शिवाय वरून कोमट वाटणारा साबण आतून हात पोळेल इतका तापलेला असतो. वापरायचाच तर ५ ते १० सेकंदांचे हप्ते, प्रत्येक हप्त्यानंतर दार उघडून बघणं, आणि फुगायला लागताच थांबणं. धातूचं भांडं किंवा सोनेरी किनार असलेली चिनी माती आत ठेवायची नाही.

ग्लिसरीनची वडी मात्र वितळवाच. चौकोनी तुकडे करा, गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात ७० अंशांच्या खालीच वितळवा, उकळू देऊ नका, नाहीतर ती रबरासारखी आणि धुरकट होते. हळूच कडेनं ओता. वर बुडबुडे आले तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक फवारा मारला की ते फुटतात. अर्थात जवळपास पेटता विस्तव नको. ही वडी गार झाली की लगेच झाकायची, सुकवत बसायचं नाही. ग्लिसरीन हवेतलं बाष्प ओढून घेतं आणि उघड्या वडीवर घामासारखे थेंब जमतात.

यात काय घालू नये

साबण हातात मऊ झालेला बघून त्यात काहीतरी सोडायचा मोह फार होतो. तेल घालू नका. तेलानं फेस मरतो आणि साबण लवकर खवट होतो. सुगंधी अर्काचे थेंब तर नकोच, कारण नुकत्याच दाढी केलेल्या त्वचेला ते झोंबतात. फार तर १०० ग्रॅमला अर्धा चमचा ग्लिसरीन, तेही पाण्याऐवजी. त्यानं कडक वडी जरा नरम राहते आणि पातं सुळकन फिरतं.

दोन साबणांचे उरलेले तुकडे एकत्र दाबायला काही हरकत नाही, जातीनं ते सारखे असले की झालं. कडक आणि मऊ मिसळले तर मऊ भाग आधी झिजून खड्डे पडतात. ग्लिसरीनचा साबण नेहमीच्या साबणाला धरतच नाही, सुकल्यावर दोघं वेगळे होतात. वास दोन झाले की जिंकतो तो जास्त उग्र असलेला, सुंदर असलेला नव्हे. एखाद्या घटकाची तुम्हाला अ‍ॅलर्जी असेल तर मिश्रण करूच नका, कारण कशानं पुरळ उठलं ते मग ओळखता येत नाही. साधा साबण बसवतानाही वेष्टनावरची घटकांची यादी फाडून भांड्याच्या बुडाला चिकटवून ठेवावी.

पहिल्या काही दाढ्या

नव्यानं दाबलेल्या साबणाचा वरचा थर सैल असतो, म्हणून ब्रश नेहमीपेक्षा खूप लवकर भरतो. एरवी तीस वेळा फिरवत असाल तर पंधरा वेळा फिरवून बघा. फेसात बारीक कण लागतील. ते किसाचे न मिळालेले तुकडे. दाढीनंतर ब्रश कोमट पाण्यात मुळापर्यंत नीट धुवा, कारण हे कण केसांच्या बुंध्याशी अडकून बसतात. चार-पाच वापरांत पृष्ठभाग गुळगुळीत होतो. कडक वडीवर आधी चमचाभर कोमट पाणी टाकून दोन मिनिटं मुरू द्यायची सवय ज्यांना आहे, त्यांनी पहिले काही दिवस ती बंद ठेवावी, थर सुटायला तेवढं पाणी पुरतं. दाढी झाल्यावर भांडं तिरकं करून पाणी काढून टाका आणि वरचा ओलावा सुकल्यावरच झाकण लावा.

वाडग्यातून कांडीत

उलटा प्रवासही करता येतो. प्रवासात वाडगं नेणं जिवावर आलं, की वडीची कांडी करून न्यावी. तळाशी चकती फिरवून वर सरकवायची डिओडरंटची रिकामी नळी यासाठी उत्तम. ती गरम पाण्यानं अनेकदा धुऊन, चकती तळापर्यंत खाली आणून पूर्ण कोरडी करा. किसाला पाणी आणखी कमी, १०० ग्रॅमला जेमतेम अर्धा चमचा, कारण नळीत हवा फक्त वरच्या तोंडाशी लागते आणि आतलं पाणी बाहेर पडायला वाट नसते. थोडा थोडा कीस घालून पेन्सिलीच्या सपाट बुडानं ठासत जा. भरून झाली की तीन-चार दिवसांनी कांडी एकदा अर्धी वर सरकवून ठेवा, म्हणजे बाजूही सुकतात.

नळी नसेल तर मळलेल्या साबणाची लांबट गुंडाळी करून ती बटर पेपरमध्ये घट्ट गुंडाळा, दोन्ही टोकं पिळा, आणि सपाट पाटावर पुढंमागं फिरवून गोल करा. दुसऱ्या दिवशी कागद बदला, मग उघडी ठेवून दोन-तीन आठवडे सुकवा, रोज एक कूस बदलत. पकडायच्या टोकाला कागदाचे दोन वेढे तसेच राहू द्या, ओल्या हातातून सुटत नाही.